जांभा, चुना आणि फेरीबोट : गोव्याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत गोव्याचीच पत्रं जास्त होती. बहुतेक पत्रं कोकणातून, म्हणजे गोवा ज्यांच्या दाराशी आहे अशा वाचकांची. म्हणून हे पूर्ण सदर गोव्याला दिलं आहे.

आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत, वडिलांचे गुडघे दुखतात. एका दिवसात त्यांना जुनं गोवं दाखवायचं आहे. कसं जावं, आणि सेंट झेवियरचं शव खरंच दिसतं का? – वाचक, कुडाळ

कोकणकन्या एक्सप्रेसने सकाळी निघा आणि मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरा. जुन्या गोव्याला हेच स्टेशन सर्वांत जवळ. तिथून रिक्षा किंवा टॅक्सी करा, पण बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, कारण मीटरवर कुणी चालत नाही. परतीला संध्याकाळी पुन्हा कोकणकन्याच आहे. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, ते मात्र तपासा.

बहुतेक लोक आधी बॉम जेझस चर्चला जातात आणि टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा मनोरा शेवटी, भर उन्हात चढतात. तुम्ही उलट करा. रिक्षा थेट टेकडीवर न्या आणि ऊन वाढायच्या आत तिथलं बघून घ्या. सेहेचाळीस मीटर उंचीचा जांभ्याचा अर्धा मनोरा आणि बिनछपराचं चर्च, एवढंच तिथं उरलं आहे. मग उताराने खाली बॉम जेझस, रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. या दोन इमारतींच्या मध्ये सावली फार नाही, म्हणून छत्री हवीच. से कॅथेड्रलमध्ये बाकं आहेत आणि आत गारवा असतो, वडिलांना तिथं निवांत बसू द्या. मागच्या बाजूला पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालतात, तेव्हा हिंडून बघता येत नाही. खांदे आणि गुडघे झाकले जातील असे कपडे घाला.

शवाचं म्हणाल तर जवळून दिसत नाही. बॉम जेझसमध्ये ते ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती उंच समाधीवर ठेवलेली आहे. दर दहा वर्षांनी ती खाली आणून से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. पण पेटीखालची समाधी बघायला विसरू नका. झेवियर हे ख्रिस्ती धर्मप्रचारक, ते वारले १५५२ साली, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. खालचं संगमरवराचं काम फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराचं. त्याला दहा वर्षं लागली आणि १६९८ मध्ये ते इथं आणून जोडलं. ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे संताचा सण असतो, त्याआधीचे नऊ दिवसही गर्दीचे. वयस्कर माणसांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नका.

बॉम जेझसला गिलावा नाही, जांभा उघडाच आहे. आमच्याकडे हल्ली नवी घरं मुद्दाम तशीच ठेवतात, 'चिरा दिसला पाहिजे' म्हणून. चारशे वर्षं ते चर्च टिकलं, मग आमचं घर का टिकणार नाही? – वाचक, रत्नागिरी

कारण ते चर्च चारशे वर्षं उघडं नव्हतं. बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये चर्च पूर्ण झालं, आणि तेव्हापासून त्यावर चुन्याचा गिलावा होता. तो काढला १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या वर्षांत, इमारत जुनी दिसावी म्हणून. आज जो लालसर दगड सगळे फोटोत धरतात, तो सत्तरएक वर्षांचा प्रकार आहे. मूळ रूप पांढरं होतं, समोरच्या से कॅथेड्रलसारखं.

जांभ्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेलच. खाणीत असताना तो मऊ असतो, म्हणून चिरा सहज कापला जातो. हवा लागली की त्यातलं लोह घट्ट होतं आणि दगड कडक बनतो. पण तो सगळीकडे सारखा कडक होत नाही. चिऱ्याला जी भोकं दिसतात त्यांत मऊ पिवळट माती असते. उघड्या भिंतीवर दर पावसाळ्यात झड बसते, ती माती थोडी थोडी धुऊन जाते, भोकं मोठी होतात आणि पाणी अजून आत शिरतं. नंतर दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे मोकळे होतात, शेवाळ धरतं, फटीत पिंपळ उगवतो. बॉम जेझसच्या बाजूच्या भिंतीजवळ उभं राहून बघा. काही चिरे मधाच्या पोळ्यासारखे झालेले दिसतील आणि कडा गोल झालेल्या. मग दर्शनी भागावरचं कोरीव काम बघा. ते काळ्या बेसॉल्टचं आहे, हा दगड वसईहून आणलेला. त्याच्या कडा अजून धारदार आहेत. एकाच भिंतीवर, एकाच पावसात भिजणारे दोन दगड, आणि त्यांतला फरक हात न लावता कळतो.

चुन्याचा गिलावा हा जांभ्याचा अंगरखा आहे. पाऊस तो झेलतो, झिजतो तोही तोच, आणि दर काही वर्षांनी नवा घालता येतो. आपल्या जुन्या घरांना पावसाळ्याआधी पश्चिमेकडून झापे, म्हणजे विणलेल्या झावळ्या बांधत, त्यामागचं कारण हेच. देखभाल थांबली की काय होतं ते सेंट ऑगस्टीनला दिसतं. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि ती इमारत ओस पडली. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला.

तर घराचा चिरा दाखवायचाच असेल तर पडवीचं छप्पर पुढे काढा, झड भिंतीला लागणार नाही इतकं, आणि उघडा चिरा फक्त पडवीत किंवा आतल्या भिंतींना ठेवा. बाहेरून चुन्याचा गिलावा करा. सिमेंटचा नको. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, आत अडकलेलं पाणी चिराच सोलून काढतं. दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्या पाठीला चिऱ्याचा भुगा चिकटलेला निघतो.

मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा ही सगळी मोठी देवळं फोंड्यातच का? दिवसात किती होतील? – वाचक, सावंतवाडी

ती मूळची फोंड्याची नाहीत. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी आणि तिसवाडीतली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी देव रातोरात नदीपार अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात नेले. तो भाग तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांच्या हाती तो अठराव्या शतकात आला. कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, १७३८ च्या सुमाराला उभं राहिलं.

म्हणूनच या देवळांची घडण वेगळी आहे. शिखराच्या जागी घुमट, उतरती कौलं, अनेक मजल्यांचा पांढरा दीपस्तंभ, शेजारी तळी आणि भोवती अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्या. मंगेशीचा दीपस्तंभ सात मजल्यांचा आहे. म्हार्दोळला म्हाळसेपुढची पितळी समई बघा, तीही मजल्यावर मजले चढवलेली, कासवाच्या पाठीवर उभी.

मंगेशी आणि म्हार्दोळ जवळजवळ आहेत, नागेशी, रामनाथ आणि कवळे पुढे फोंड्याच्या बाजूला. सकाळी आठला मंगेशीपासून सुरुवात केली तर दुपारच्या महाआरतीपर्यंत पाचही होतात. सोमवारी गेलात तर फेरी उलटी करा आणि संध्याकाळी मंगेशीला थांबा, कारण दर सोमवारी तिथं पालखी असते.

देव हलवण्याआधीचं देऊळ बघायचं असेल तर तांबडी सुर्ला. कदंब राजांच्या काळातलं, बारा-तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ, अनमोड घाटाच्या पायथ्याशी. ते वाचलं कारण जंगलात आडबाजूला होतं. दगड जांभा नव्हे, काळा पाषाण, चुना न वापरता एकावर एक बसवलेला. मंडपातल्या एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरला आहे. तो खाली आहे, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

जुलैत दूधसागरला जायचं आहे. जीप मिळेल का? – वाचक, चिपळूण

मिळणार नाही. कुळ्याहून जाणाऱ्या जीपना वाटेत ओढे ओलांडावे लागतात, आणि पावसाळ्यात ते ओलांडण्यासारखे राहत नाहीत. त्यामुळे ही वाट पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरच्या सुमाराला उघडते. रुळांवरून चालत जायचा विचार सोडून द्या. त्याला बंदी आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते.

जुलैतला दूधसागर बघायचा असेल तर गाडीतून बघा. कुळे ते कॅसलरॉक हा घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो. गाडी सावकाश चालते आणि पूल धबधब्याच्या ऐन मधून जातो. ३१० मीटरवरून पडणारं पाणी खिडकीत तुषार उडवतं. दारात लोंबकळू नका.

जीपने जायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबर, कारण पाणीही असतं आणि वाटही. एका जीपमध्ये सात जण. तुम्ही चार असाल तर उरलेल्या जागा भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून सकाळी लवकर कुळ्याला पोचा. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. शेवटचा टप्पा धोंड्यांवरून पायी आहे, तिथं रबरी चपला घसरतात. पट्ट्याचे, तळाला खाचा असलेले सँडल घाला. माकडं पिशव्या ओढतात, खाणं हातात धरू नका.

वेंगुर्ल्याहून तेरेखोल किल्ला बघायला केरीपर्यंत फिरून जावं लागतं का? – वाचक, वेंगुर्ला

नाही. किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे तुमच्याच बाजूला आहे. शिरोडा, रेडी करत सरळ रस्त्याने जा, वाटेत रेडीचा यशवंतगडही होईल. फेरीबोट लागते ती दक्षिण तीरावरच्या केरीहून, गोव्याकडून येणाऱ्यांना. किल्ला सावंतवाडीकर सावंतांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, म्हणून नदीच्या अलीकडे असूनही तो गोव्यात आहे. पुढे केरीला उतरायचं असेल तर शेवटच्या फेरीची वेळ आधीच विचारा. चुकलीच तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून पेडण्यात जाता येतं.

शिवाजी महाराजांनी बांधलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ गोव्यात नक्की कुठे आहे? – वाचक, अलिबाग

नार्वे गावात, डिचोली तालुक्यात. घोळ होतो तो नार्वे दोन असल्यामुळे. मूळ देऊळ दिवाडी बेटावरच्या नार्व्यात होतं. सप्तकोटेश्वर हे कदंबांचं कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव सापडतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे आणला आणि त्या जागेलाही नार्वेच म्हणू लागले. महाराजांनी तिथं देऊळ बांधायला घेतलं ते नोव्हेंबर १६६८ मध्ये. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी ही तिथी आहे. देऊळ ठेंगणं, कौलारू, वर घुमट. शिखर शोधत आलेला माणूस पहिल्यांदा गोंधळतो.

रस्त्याने डिचोलीमार्गे जाता येतं, पण आम्ही फेरीची वाट सुचवू. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की धक्का आहे. तिथून फेरीने दिवाडीला जा. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत. बेटावर जुन्या देवळाच्या जागेजवळची कोटीतीर्थ तळी बघा, मग बेटाच्या दुसऱ्या टोकाहून दुसरी फेरी नार्व्याला सोडते. देव ज्या पाण्यावरून गेला तेच पाणी तुम्हीही ओलांडता. बेटावर रिक्षा नेहमी मिळत नाही, म्हणून दुचाकी घेऊन जाणं बरं.

मुंबईहून भाचरं येतात, गोव्याच्या किनाऱ्यावर पोहायचा हट्ट धरतात. काय सांभाळावं? – वाचक, कणकवली

जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच देऊ नका. एरवी लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तर नाही. दोन्हीकडे लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतो आहे, असं असेल तर मुलं नेमकी तिथंच धावतात. तीच ओढीची जागा, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जातं. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे हात मारत दमायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर यायचं, मग लाटेबरोबर आत.

ओहोटीला ओढ वाढते, तेव्हा वेळ माहीत हवी. तिथीचे पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढचे सहा तास पाणी उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्या दिवशी त्या सहा तासांत मुलांना वाळूतच खेळू द्या.