हेलिकॉप्टरला समोरची वीजतार आधी का दिसत नाही?

हेलिकॉप्टरमध्ये एवढी आधुनिक उपकरणे असताना ते कमी उंचीवर विजेच्या तारांना का धडकते, आणि तारा आधीच ओळखणारी यंत्रणा नसते का, असा आपला प्रश्न आहे. मी ऐरोलीला राहतो आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे अतिउच्चदाब वाहिन्यांच्या देखभालीत गेली. त्यामुळे हे उत्तर वैमानिकाच्या नव्हे, तर तारेच्या बाजूने लिहीत आहे.

यंत्रणा आहेत, पण मनोरा ओळखणे आणि तार ओळखणे ही दोन निराळी कामे आहेत. 400 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीचे मनोरे साधारण 400 मीटर अंतरावर असतात. तिची वाहक तार सुमारे 32 मिलिमीटर जाडीची असते, पण मनोऱ्याच्या अगदी टोकावरून जाणारी अर्थ वायर, म्हणजे आकाशातल्या विजेपासून वाहिनीचे रक्षण करणारी तार, जेमतेम 11 मिलिमीटरची. वैमानिकाला खालच्या जाड तारा दिसतात, तो त्यांच्यावरून जाण्यासाठी हेलिकॉप्टर वर घेतो आणि न दिसलेल्या अर्थ वायरीवर आदळतो. कळव्याच्या उपकेंद्राकडे येणाऱ्या वाहिन्या पारसिकच्या डोंगरासमोर पाहिल्यात, तर ही तार कुठे असणार हे ठाऊक असूनही ती नजरेला सापडत नाही.

अशा तारेसाठी आज मला लेसर सर्वांत भरवशाचा वाटतो. जर्मनीच्या संघीय पोलिसांनी वापरलेली 'हेलास' ही यंत्रणा डोळ्यांना अपाय न करणाऱ्या लेसरने पुढचा पट्टा सतत चाचपते आणि परावर्तित किरणांवरून तारा, मनोरे, झाडे वेगळी ओळखते. ताशी 180 किलोमीटर वेगाने हेलिकॉप्टर सेकंदाला 50 मीटर पुढे जाते, म्हणजे 500 मीटरवर मिळालेल्या इशाऱ्याने दहाच सेकंद हाती येतात. धुक्यात किंवा आपल्याकडच्या जुलैतल्या पावसात लेसरचा पल्ला घटतो. मिलिमीटर लहरींचे रडार धुक्यातून लेसरपेक्षा बरे पाहते. मात्र गुळगुळीत तार त्या लहरी आरशाप्रमाणे एकाच दिशेला परतवते, त्यामुळे तिरक्या कोनातून ती जवळजवळ अदृश्य राहते. अनेक बारीक तारा पिळून केलेल्या तारेवरून, पिळांच्या नियमित अंतरामुळे, काही ठरावीक तिरक्या कोनांतूनही लहरी परत मिळतात, एवढाच दिलासा.

तारेभोवतीचे 50 हर्ट्झचे (सेकंदाला 50 वेळा बदलणारे) विद्युतचुंबकीय क्षेत्र टिपणारे उपकरण हलके असते, पण ते फक्त चालू असलेली प्रत्यावर्ती प्रवाहाची (एसी) वाहिनीच ओळखते. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वाहिनी त्याला कळत नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात पडघ्याला चंद्रपूरहून येणारी 500 केव्हीची, सुमारे 752 किलोमीटर लांबीची वाहिनी एकदिश प्रवाहाची (डीसी) आहे. तिथेही या उपकरणावर विसंबता येणार नाही. अडथळ्यांची नोंद असलेले संगणकीय नकाशेही असतात, परंतु नवी वाहिनी उभी राहिल्यावर ती नकाशात येईपर्यंत ते अपुरेच.

आमच्या बाजूने तारांवर किमान 60 सेंटिमीटर व्यासाचे रंगीत गोळे बसवले जातात. हेलिकॉप्टरच्या नाकाजवळ तार कापणारी पातीही बसवतात, पण तार समोरून आणि पुरेशा वेगाने आली तरच ती कापली जाते. पंख्यात किंवा शेपटीत अडकलेल्या तारेपुढे पात्याचा उपयोग नाही. म्हणून वाहिनी ओलांडायची झाल्यास ती शक्यतो मनोऱ्याच्या माथ्यावरून ओलांडावी, असे वैमानिकांना शिकवतात: मनोरा दुरून दिसतो आणि त्याच्याजवळ अर्थ वायरही त्याच्या टोकापेक्षा उंच नसते.