आधी त्याचं भांडं, मग आपला चहा

प्रश्न : आमचा मोती गेल्या महिन्यात गेला. १३ वर्षांचा होता. आम्ही यहुदी. त्याच्यासाठी कद्दीश (गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणावा, सात दिवस शिवा (आपलं सुतक) पाळावा असं फार वाटलं. घरातली मोठी माणसं म्हणाली, "कुत्र्याचं कसलं सुतक?" अजून सकाळी चहा गाळला की हात आधी त्याच्या भांड्याकडे जातो. हे दुःख आपल्या धर्मात बसतच नाही का?

उत्तर : ताई, नकार आधी सांगून टाकते. शिवा (हिब्रूत सात, म्हणून हे नाव) पाळायचा तो आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि नवरा किंवा बायको यांच्यासाठी. मोती त्या यादीत नाही. ओढूनताणून बसवूही नये, असं माझं मत. माझी मांजर गेली तेव्हा मी घरात एकटीच कद्दीश पुटपुटून पाहिला. दुसऱ्या ओळीला थांबले. ते शब्द वडिलांसाठी म्हटलेले होते.

पण तुमचा तो हात! तोरा या आपल्या धर्मग्रंथातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, ११:१५ काढून बघा. तुझ्या गुरांसाठी रानात गवत उगवीन, आणि तू खाऊन तृप्त होशील. गुरं आधी, माणूस मागून. एवढ्या क्रमावरून ताल्मूदने (धर्मनियमांच्या चर्चेचा जुना ग्रंथ; बराखोत ४०अ) नियम काढला, की जनावराला घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. तुम्ही १३ वर्षं तो रोज पाळलात, बहुधा ठाऊकही नसताना. मग दुःख बाहेरचं कसं?

आणि मोठ्या माणसांना ही गोष्ट सांगा. 'पेसिक्ता दे-राव काहाना' या जुन्या मिद्राशातली (शास्त्राचा अर्थ उलगडणाऱ्या कथांच्या संग्रहातली) आहे. गुराख्यांनी काढून ठेवलेल्या दुधात सापाने तोंड घातलं. कुत्र्याने ते पाहिलं. गुराखी दूध घ्यायला बसले तसा तो भुंकू लागला, पण कुणाला काही उमगेना. शेवटी त्याने स्वतःच ते दूध पिऊन टाकलं आणि मेला. लोकांनी त्याला पुरलं, वर स्मारक उभारलं. त्याला नाव पडलं 'नाफ्शा दे-काल्बा', कुत्र्याचं स्मारक. यातला 'नाफ्शा', हिब्रूत 'नेफेश', म्हणजे थडग्यावरची खूण, आणि जीवालाही हाच शब्द.

भांडं लगेच उचलू नका. माझ्या मांजरीचं दोन महिने ओट्याखाली तसंच होतं. मग एका सकाळी पाणी भरून खिडकीबाहेर ठेवलं. दोन दिवस कुणी फिरकलं नाही, तिसऱ्या दिवशी साळुंकी आली. आता चहा त्यानंतरच.