जोडी जुळली म्हणजे प्राणी शिकला, असे होत नाही

पशुवैद्यांकडे नेण्याची बास्केट दिसताच मांजर पलंगाखाली दडते, पण त्याच वेळी वाजणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्याला मात्र घाबरत नाही, हे कसे, असा आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर अभिजात अभिसंधानाच्या, म्हणजे एका संकेतावरून पुढच्या घटनेची अपेक्षा करायला शिकण्याच्या, गाभ्याशी जाते.

या शिकण्याचा पाया घालणारे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह सेंट पीटर्सबर्गला कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते आणि १९०४ चे नोबेलही त्यांना त्याच कामासाठी मिळाले. शस्त्रक्रिया करून लाळग्रंथीची नलिका गालाबाहेर आणलेली असल्यामुळे लाळेचा थेंब न् थेंब मोजता येई. मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राच्या) टकटकीनंतर अन्न, असे पुन्हा पुन्हा घडले की पुढे नुसत्या टकटकीनेही लाळ सुटे. एवढ्यावरून दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की प्राणी त्या जोडतोच, असा समज रूढ झाला. तो अपुरा आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. ध्वनी चालू असताना बसणाऱ्या विजेच्या धक्क्यांचे प्रमाण दोन गटांत सारखेच होते. मात्र एका गटाला ध्वनी नसतानाही तितक्याच प्रमाणात धक्के बसत. त्या गटाला ध्वनीची भीती बसली नाही, कारण ध्वनीवरून धक्क्याबद्दल वेगळे असे काहीच कळत नव्हते. आपल्या किल्ल्या रोज वाजतात आणि बहुतेक वेळा काहीही घडत नाही. बास्केट मात्र माळ्यावरून उतरते ती दवाखान्याच्या दिवशीच.

शिवाय प्रत्येक संकेत प्रत्येक परिणामाशी सारख्याच सहजतेने जोडला जात नाही. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांच्या १९६६ च्या प्रयोगात, चव दिलेले पाणी पिताना प्रकाश व आवाजही असत; नंतर आजारी पडलेल्या उंदरांनी पाण्याची चव टाळली, तर धक्का बसलेल्यांनी प्रकाश-आवाजासह मिळणारे पाणी टाळले.

भीती कमी करता येते, पण ती पुसली जात नाही. अन्नाविना टकटक ऐकवत राहिल्यावर पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची लाळ थांबे आणि काही काळ विश्रांती दिल्यावर पुन्हा सुटे. म्हणून चार दिवस शांत गेले तरी सराव सोडू नये. बास्केट कायम उघडी, घरातच ठेवावी आणि मांजर बिचकणार नाही एवढ्या अंतरापासून सुरुवात करून, आधी बास्केट दिसेल व मग आवडता खाऊ मिळेल, असा क्रम पाळावा. खाऊ आधी देऊन मागाहून बास्केट आणली, तर खाऊच दवाखान्याची सूचना ठरू शकतो.