शाळेत आणि काळजीच्या कामात समता-समावेशन म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी सोलापुरात काळजीवाहकाचा कोर्स करतेय, पुढे ब्रिटनला जायचा विचार आहे. समता आणि समावेशनावर असाइनमेंट लिहायची आहे. व्याख्या पाठ झाल्या, पण आपल्याकडच्या शाळेत, अंगणवाडीत, वृद्धाश्रमात हे कसं दिसतं? कुणी प्रत्यक्ष काम केलेलं सांगेल का?"

सांगते. मी बावीस वर्षं याच कामात आहे. आधी सोलापूरच्या पूर्व भागात बालवाडीची बाई होते, मग एका शाळेत समुपदेशक, आणि गेली सहा वर्षं एका वृद्धाश्रमात. एवढ्या वर्षांत "तू इथं यायचं नाही" असं कुणी कुणाला तोंडावर म्हणालेलं मी फार थोड्या वेळा ऐकलं. माणसं बाहेर राहतात ती वेळापत्रकामुळे, भाषेमुळे, जिन्यामुळे, चहाच्या ग्लासामुळे. ज्यांची सोय बघून व्यवस्था लावली ते आत येतात, बाकीचे आपोआप बाहेर. म्हणून मी कुठंही गेले की आधी हजेरीपट मागते, आणि आलेल्यांच्या आधी न आलेले मोजते.

शाळेतली माझी पहिली पालक सभा सकाळी अकराला होती. साठेक मुलांचा वर्ग, पालक आले नऊ. शिक्षकांच्या खोलीत एकच वाक्य फिरत होतं, "या लोकांना मुलांची काळजीच नाही." मीही मान हलवली. त्याच आठवड्यात एका मुलीच्या घरी संध्याकाळी गेले. आई दारात बसलेली, मांडीवर सूप. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, नखानं तोंड दुमडायची, दोरा बांधायची. मी तासभर बोलत होते, हात एकदाही थांबले नाहीत. म्हणाली, "बाई, अकराला मी विडी द्यायला रांगेत असते. माल दिला नाही तर पान-तंबाखू मिळत नाही. पान नाही तर उद्या काम नाही." मजुरी हजार विड्यांवर, आणि छाट निघाली, म्हणजे विड्या नाकारल्या, की तेवढी मेहनत पाण्यात. तिनं मुलीच्या सगळ्या चाचणीपत्रिका गादीखाली नीट रचून ठेवल्या होत्या. वाचता येत नव्हतं, पण एकही हरवली नव्हती. काळजी नसलेली बाई ही!

पुढची सभा आम्ही तिच्याच बोळात, एका ओट्यावर, संध्याकाळी सातला घेतली. बायका सूप घेऊनच आल्या. हातात काम, कान आमच्याकडे. मुख्याध्यापक आधी नाराज होते, सभेत विड्या कशा चालतील म्हणून. पण एका आईनं गणिताच्या तासाबद्दल सरळ प्रश्न विचारला तेव्हा तेच सगळ्यात जास्त वेळ बोलले.

तुमच्या असाइनमेंटसाठी हे फार कामाचं आहे. ब्रिटनच्या २०१०च्या समता कायद्यात 'अप्रत्यक्ष भेदभाव' अशी संकल्पना आहे. नियम सगळ्यांना एकच, पण त्याचा फटका एका गटालाच जास्त बसतो आणि त्या नियमाला पटण्यासारखं कारणही देता येत नाही. अकराची सभा म्हणजे तेच. नोटीस सगळ्यांना सारखी गेली होती, पण अडकल्या त्या बायकाच.

त्याच मुलीचं आणखी एक. आठवड्यातून दोन-तीन दिवस ती गैरहजर असायची. आई माल द्यायला गेली की अडीच वर्षांच्या भावाला ती सांभाळायची. विडी कामगारांसाठी तेव्हा १९६६चा कायदा होता, कारखान्यात पाळणाघराची तरतूदही त्यात होती. पण विडी वळली जाते घरात, मग पाळणाघर कुणाच्या दारात? शेवटी गल्लीतल्या अंगणवाडी सेविकेनं वयाचा काटेकोर हिशोब न करता भावाला बसवून घेतलं. अशा सेविकांच्या जोरावर किती मुली शाळेत टिकल्या असतील, ते कुठल्याच अहवालात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता भाषा. सोलापूरकरांना सांगायला नको, इथं एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत उर्दू, आणि बाजारात सगळ्यांची मिळून मराठी. बालवाडीत माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा होता. गप्प, काही विचारलं की भिंतीकडे बघायचा. मदतनीस म्हणाली, "डोक्यानं कमी आहे." एका दुपारी तो माझा पदर ओढून "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत राहिला, आणि मी त्याला लघवीला नेऊन आणलं. दोनदा. तिसऱ्यांदा तो रडला, तेव्हा शेजारची अक्का आत येऊन म्हणाली, "पाणी मागतंय की ते!" चार वर्षांचं पोर तहानलेलं, आणि आम्ही त्याच्या नावापुढे मतिमंद असं लिहायच्या बेतात. त्या रात्री मी एक कागद केला. पाणी, भूक, दुखतंय, लघवी, भीती, आई कधी येणार. प्रत्येक शब्द तेलुगू, कन्नड आणि उर्दूत, पण देवनागरीत लिहिलेला. वीसेक शब्द असतील. तो कागद मी पुढे प्रत्येक ठिकाणी भिंतीला लावला. वृद्धाश्रमात एका आजींची मराठी स्मृतिभ्रंशात पुसून गेली होती, उरली ती लहानपणची कन्नड. त्या "नीरु बेकु" म्हणाल्या तेव्हा रात्रपाळीच्या नवीन मुलीला कळलं ते त्या कागदामुळेच.

यानंतरची गोष्ट लिहायला मला जड जातं, पण तुम्ही प्रामाणिक उदाहरण मागितलंय. सातवीच्या वर्गात एका मुलीची कंपासपेटी हरवली. मी वर्गात गेले, आणि काहीही न विचारता एका मुलाचं दप्तर आधी उघडलं. तो पारधी समाजाचा होता. दप्तरात दोन वह्या आणि भाकरीचं फडकं, बाकी काही नाही. पेटी त्या मुलीच्याच बाकाखाली सापडली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी घरी गेले. आजी पुढे आली. मी म्हणाले, "याची हजेरी लागत नाहीये." त्या शब्दावर ती मागे सरकली. आपल्या शहरात सेटलमेंट या वस्तीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ते कशावरून पडलं ते कितीजण सांगतील? इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात पुढे पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये ठेवल्या. माणसांना नेमून दिलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. त्या कुंपणातून सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर. आजी तेव्हा लहान होती. तिच्या लेखी हजेरी म्हणजे शाळेची नव्हे. आणि मी तिच्या नातवाचं दप्तर सगळ्यांत आधी उघडून तेच कुंपण पुन्हा घातलं होतं.

मी त्या मुलाची माफी वर्गासमोर मागितली. खाजगीत मागून उपयोग नव्हता, कारण दप्तर सगळ्यांसमोर उघडलं होतं. शाळेत नियम केला की वस्तू हरवली तर कुणाचंही दप्तर तपासायचं नाही. आधी बाक हलवायचे, खोली झाडायची. मुलांना मारहाणीबरोबर मानसिक छळालाही शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे आणि तो कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. मला तो तोंडपाठ होता. हात दप्तराकडे गेला तेव्हा तो आठवला नाही. म्हणून पूर्वग्रहाबद्दल लिहाल तेव्हा "काही लोकांमध्ये पूर्वग्रह असतात" असं लिहू नका. स्वतःचा एक प्रसंग शोधा, तो सापडेलच.

ब्रिटनच्या कायद्यात संरक्षित वैशिष्ट्यं, म्हणजे ज्यांवरून भेदभाव करायला बंदी आहे ती, नऊ आहेत: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह किंवा नागरी जोडीदारी, गरोदरपण आणि मातृत्व, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग, आणि लैंगिक कल. यात जात वेगळी दिलेली नाही. वंशाच्या व्याख्येत ती घालायची तरतूद होती, पण २०१८मध्ये तिथल्या सरकारनं तसं न करता प्रश्न न्यायालयांच्या निकालांवर सोडला. आपल्या राज्यघटनेच्या कलम १५मध्ये जात स्पष्ट आहे आणि कलम १७नं अस्पृश्यताच रद्द केली आहे. तुम्ही तिथं आपल्याकडच्या ज्येष्ठांची सेवा करायला गेलात तर जात तुमच्याआधी पोचलेली असेल, ही तयारी ठेवा.

कारण वृद्धाश्रमात मी ते पाहिलंय. एका आजोबांनी नव्या मावशींना आंघोळ घालू दिली नाही, आधी आडनाव विचारलं. व्यवस्थापकांनी वाद नको म्हणून ड्युटी बदलली. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, मावशी स्वयंपाकघरात चहा प्यायला येईनाशा झाल्या होत्या. स्वतःचा स्टीलचा ग्लास घेऊन मागच्या पायरीवर बसायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. ड्युटी बदलल्यावर त्या जे समजायचं ते समजल्या. समावेशन म्हटलं की आपण फक्त ज्यांची सेवा करतो त्यांचा विचार करतो, सेवा करणाऱ्या बाईचा कुणी करत नाही.

मी व्यवस्थापकांशी भांडले. ड्युटी पूर्ववत झाली. आजोबांनी दोन दिवस आंघोळ केली नाही, मी दोन्ही दिवस त्यांच्याजवळ बसून राहिले. ओरडले नाही, पण मावशी बदलणार नाहीत हे स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी काढायला सांगितलं. ते मनानं बदलले असं मी म्हणणार नाही. मावशी मात्र तेव्हापासून चहा आत बसून घेतात.

इथं एक बारीक फरक आहे, परीक्षकही तो विचारतील. एखाद्या आजींनी "मला आंघोळीला बाईच हवी" म्हटलं तर ताबडतोब बदल करायचा. तो त्यांच्या लाजेचा आणि सन्मानाचा प्रश्न आहे. आमच्याकडे एक लिंगायत आजी सकाळी इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय चहा घेत नाहीत, म्हणून त्यांची आंघोळ पहिली ठेवली. रमजानमध्ये एका काकांचं जेवण पहाटेआधी तयार असतं आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदलतात. या मागण्यांत दुसऱ्याला कमी लेखणं नाही. आजोबांच्या मागणीत होतं. "मला कसं हवं" आणि "मला कुणाचा विटाळ होतो" या दोन गोष्टी एकाच फॉर्मवर 'वैयक्तिक पसंती' म्हणून लिहू नका.

अपंगत्वाबद्दल थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच होते. एका शाळेत तपासणीआधी रॅम्प बांधला, इतका उभा की धडधाकट माणूसही घसरेल. बारा फूट लांबीला एक फूट चढ, यापेक्षा उभा नको. शिवाय ज्या मुलाला तो हवा होता त्याचा चौथीचा वर्ग पहिल्या मजल्यावर, तिथं रॅम्प पोचतच नव्हता. उपाय विनाखर्चाचा निघाला: चौथी खाली आणली, दुसरी वर नेली. एका दुपारचं काम, तेही मुलांनीच बाक उचलून केलं. यालाच ब्रिटनमध्ये 'वाजवी फेरबदल' म्हणतात, आपल्या कायद्यात 'वाजवी सोय'.

असाइनमेंटसाठी तुम्ही जिथं प्रशिक्षणाला जाता तिथला एका महिन्याचा हजेरीपट घ्या. कोण नाही, कोणत्या वाराला नाही, किती वाजता नाही, एवढं एका कागदावर मांडा आणि त्यातल्या एकाच्या घरी जा. पूर्व भागात जाणार असाल तर सहानंतर, माल देऊन बायका परतलेल्या असतात. जानेवारी महिना मात्र घेऊ नका. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हा अख्खं सोलापूरच गैरहजर असतं, कागदावर काहीच दिसणार नाही.