एन स्केलच्या मॉडेल रेल्वेच्या रुळांना प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर (रूळ जोडणारे, पण वीज अडवणारे तुकडे) बसता बसत नाहीत. सोपी पद्धत आहे का? की रुळात नुसती फट कापून ठेवली तरी चालेल?

नुसती फट चालत नाही. हे मी जरा जोरात सांगतोय, कारण याच फटीवरून आमच्या घरात दोन उन्हाळे वाद चालू आहे.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. आमचे व्याही पी-वेचे, म्हणजे रूळ सांभाळणारे. ही दोन खाती ज्यांना ठाऊक आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. सांध्यातलं इन्सुलेशन गेलं की ट्रॅक सर्किट (रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा) फेल, सिग्नल लाल तो लालच, गाडी उभी. आम्ही म्हणणार, तुमचं स्लीपरखालच्या खडीचं पॅकिंग ढिलं, सांधा आदळतोय, म्हणून मधली एंड पोस्ट (रुळांच्या दोन टोकांमधला इन्सुलेशनचा तुकडा) चिरडली. ते म्हणणार, आधी तुमची रिले तपासा. नोकरीभर हे भांडण केलं आणि लेकीने नेमकं पी-वेवाल्याचं घर शोधलं.

नातवाला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवून आणलं आणि हट्ट सुरू झाला. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत 8 फुटी प्लायवर 9 मिलिमीटर गेजचा लेआउट मांडायचं ठरलं. व्याही म्हणाले, "रूळ मी टाकणार, तुम्ही तुमच्या वायरी बघा." टाकलेही सुरेख, नाव ठेवायला जागा नाही. फक्त फेब्रुवारीत, थंडीत टाकले आणि झाडून सगळे सांधे सोल्डर केले. "बघा, एलडब्ल्यूआर केलं!" म्हणजे लांब जोडरूळ. राहता राहिला पॉइंट, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा सांधा. तो इलेक्ट्रोफ्रॉग, म्हणजे फ्रॉगमध्ये (जिथे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यात) करंट असलेला. फ्रॉगमधून पुढे निघणारे आतले दोन्ही रूळ इन्सुलेट करावेच लागतात. मी प्लास्टिकचे जॉइनर वाटीत काढून ठेवले होते. व्याह्यांनी ती वाटी बाजूला सारली, बारीक करवतीने केसाएवढी फट पाडली आणि विचारलं, "वीज काय उडी मारून जाणार आहे?"

एप्रिलअखेर रोग सुरू झाला. पॉइंट सरळ असला तर सगळं ठीक. बाजूच्या लूप लाइनकडे वळवला की कंट्रोलरचा लाल दिवा, म्हणजे शॉर्ट सर्किट. तोही दुपारीच, संध्याकाळी पुन्हा ठणठणीत. कंट्रोलर दोनदा दुरुस्तीला जाऊन आला, दोन्ही वेळा "काही दोष नाही" असं सांगून परत दिला. व्याह्यांचं निदान तयारच होतं, सिग्नलवाल्यांची वायरिंग. शेवटी एके दिवशी भर दुपारी घामाघूम होऊन मी त्या फटीत दाढीचं पातं घालून बघितलं. शिरेना. सरळ मार्गावरच्या रुळाची दोन टोकं एकमेकांना चिकटून बसली होती. फेब्रुवारीत याच फटीतून व्हिजिटिंग कार्ड आरपार जात होतं.

हिशेब साधा आहे. हे रूळ निकेल सिल्व्हरचे (चांदी त्यात औषधालाही नसते). एक मीटर रूळ एका अंशाला साधारण 0.017 मिलिमीटर वाढतो. 2.4 मीटरचा सलग सोल्डर केलेला रूळ 20 अंश तापला की जवळपास 0.8 मिलिमीटर. करवतीची फट त्याच्या निम्मीही नव्हती. व्याह्यांना एवढंच विचारलं, "एलडब्ल्यूआर केलंत, पण एसईजे कुठे आहे?" खऱ्या लाइनवर लांब जोडरुळाच्या टोकांना तो प्रसरण-सांधा असतोच, हे मी पी-वेवाल्याला सांगावं! ते चहा न घेता उठले.

आता तुमचं. जॉइनर बसत नाही याचं कारण नव्वद टक्के वेळा रुळाचं टोक असतं. कापल्यावर तळाला कूस (धातूची बारीक खरखरीत कड) राहते, ती बारीक कानशीने काढा आणि तळपट्टीच्या दोन्ही कोपऱ्यांना किंचित उतार द्या. शेवटच्या एक-दोन स्लीपरवरची, रुळाला धरणारी प्लास्टिकची नखं पात्याने तासून टाका, नाहीतर जॉइनरला जागाच मिळत नाही. मग चपट्या पकडीत जॉइनर हलकेच धरायचा आणि रूळ त्यात सरकवायचा. जॉइनर रुळावर दाबायला गेलात तर तो उडून कपाटाखाली जातो. आमच्या कपाटाखाली चार आहेत. आतला मधला उंचवटा दोन्ही टोकांना टेकला पाहिजे. आमच्या एंड पोस्टचं काम तोच करतो. तो कापून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फीडरच्या (रुळांना वीज देणाऱ्या) वायरी आधी सोल्डर करा, जॉइनर नंतर. जवळ सोल्डरिंग करावंच लागलं तर मध्ये ओल्या कापसाचा बोळा ठेवा, प्लास्टिक वितळायला क्षण पुरतो. शेवटी फीडर सोडवून, गाड्या रुळांवरून उचलून, फटीच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून वीज आरपार जात नाही ना ते बघा, आणि हे भर दुपारी करा.

रिव्हर्स लूप (गाडी वळून त्याच रुळावर उलट दिशेने येते तो फेरा) असेल तर दोन्ही रूळ, दोन्ही टोकांना तोडावे लागतात. तो वेगळा विषय आहे.

एक खरं सांगायला हवं. फट कापून तिच्यात स्टायरिन प्लास्टिकचा तुकडा सुपरग्लूने पक्का बसवला आणि रुळाच्या आकारात घासला तर तेही टिकतं. लेआउट आधीच पक्का झाला असेल तर तेच सोपं. म्हणजे फट कापण्यात पाप नाही, ती रिकामी ठेवण्यात आहे. सांधे सगळे सोल्डर करू नका, दर दोन-तीन लांबींनंतर एक मोकळा ठेवा.

व्याह्यांचं अजूनही म्हणणं आहे की रूळ वाढलेच नाहीत, कोरड्या हवेत प्लाय आकसलं. पावसाळ्यात दुसरीकडची फट थोडी उघडलेली मी स्वतः पाहिली, तेव्हा त्यात तथ्य असावं. इथे लिहितोय, त्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र रूळ टाकण्याआधी प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना रंगाचा हात द्या.