केसपेपरवरचे वजन आणि प्रत्यक्ष वजन

तुमच्या पोस्टमधील माहिती अशी आहे: वडिलांचे वय ६८, उंची १६५ सेंटीमीटर, काही वर्षांपासून मधुमेह, दिवसातून तीन-चार वेळा शौचास जावे लागते, जेवणानंतर पोट फुगते, आणि सहा महिन्यांत वजन ६४ किलोंवरून ५७ किलोंवर आले आहे. सोनोग्राफी व रक्ताचे बहुतेक अहवाल 'नॉर्मल' आहेत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा) योग्य असल्याचे सांगण्यात आले आहे, घरच्यांच्या मते वजन वारीत चालल्यामुळे उतरले असावे, आणि आता प्रोटीन पावडर सुरू करावी का, असा तुमचा प्रश्न आहे. आमच्या आबांच्या बाबतीत जवळजवळ हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातील कोणतीही गोष्ट उपचार म्हणून परस्पर सुरू करू नये. कोणते प्रश्न विचारायचे हे ठरवण्यापुरताच याचा उपयोग करावा.

प्रथम बीएमआयविषयी. ५७ किलो आणि १६५ सेंटीमीटर म्हणजे बीएमआय साधारण २१ येतो आणि तो योग्य मर्यादेत आहे, हे खरेच आहे. मात्र बीएमआय केवळ आजची स्थिती सांगतो. माणूस कुठून इथवर आला, हे त्यातून कळत नाही. ६४ किलोंतून सात किलो जाणे म्हणजे जवळजवळ ११ टक्के घट. ब्रिटनमध्ये २००३ पासून रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या 'मस्ट' या तपासणी-पद्धतीत, तीन ते सहा महिन्यांत प्रयत्न न करता दहा टक्क्यांहून अधिक वजन गेले असेल तर त्या एकाच कारणासाठी दोन गुण मिळतात, आणि दोन गुण म्हणजे कुपोषणाचा मोठा धोका, मग बीएमआय कितीही चांगला असो. त्यानंतर कुपोषणाच्या निदानासाठी आलेल्या 'ग्लिम' निकषांतही सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक घट तीव्र मानली जाते. वारीत चालून दोन-अडीच किलो उतरले तर ते घरी आल्यावर काही आठवड्यांत भरून यायला हवेत. तसे न होता वजन उतरतच राहिले असेल, तर वारीचे कारण पुढे करून थांबणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या गोष्टीने आमचे सर्वांत जास्त नुकसान केले, ती सांगतो. आम्ही सांगलीतील ज्या रुग्णालयात नियमित जात होतो, तेथे केसपेपर काढताना खिडकीवरच वजन विचारले जात असे. पहिल्या दिवशी आबांनी आपले जुने, आठवणीतले वजन सांगितले आणि ते लिहिले गेले. पुढे प्रत्येक भेटीत संगणकातून तोच आकडा नव्या कागदावर उतरत राहिला. ओपीडीत दर वेळी वेगळे डॉक्टर असत, ते मागचे कागद चाळत आणि 'वजन स्थिर आहे' असा निष्कर्ष काढून आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून देत. पँट कमरेवर राहत नाही, गालफडे बसली आहेत, असे आम्ही सांगितले की कागदावरचा आकडा आम्हालाच दाखवला जाई. वजनकाटा त्याच खोलीत होता, पण त्यावर कोणी उभे केले नाही. मार्केट यार्डात हळदीचे एक पोतेसुद्धा काट्यावर चढल्याशिवाय विकले जात नाही, आणि माणसाचे वजन मात्र ऐकीव चालते, याचा मला आजही संताप येतो. पुढे मिरजेतील एका दवाखान्यात तरुण डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत चपला काढायला लावून आबांना काट्यावर उभे केले, आलेला आकडा जुन्या कागदांशी ताडून पाहिला आणि लगेच शौचाविषयी बारकाईने प्रश्न विचारायला सुरुवात केली. निदानाची दिशा तेथून बदलली. त्यानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी कंपनीने जुन्या कागदांवरील 'स्थिर' वजनाकडे बोट दाखवले, आणि पहिल्या रुग्णालयाने जुनी नोंद बदलता येत नाही एवढेच उत्तर दिले. त्या चुकीच्या आकड्याची झळ आम्हाला अशी दोनदा बसली. शिवाय क्षयरोगासारख्या आजारात औषधांची मात्रा वजनगटानुसार ठरते, त्यामुळे कागदावर चुकलेले वजन पुढे औषधाच्या मात्रेतही चुकू शकते.

म्हणून प्रत्येक भेटीत आपल्यासमोर वजन करून घ्यावे आणि ते तारखेसह केसपेपरवर लिहायला सांगावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. घरी एकच काटा वापरावा आणि सकाळी लघवी-शौच झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत आठवड्यातून एकदा वजन घ्यावे. शहाबादी फरशीच्या सांध्यावर काटा ठेवला तर तो डुगडुगतो आणि आकडा बदलतो, तेव्हा सपाट जागा पाहावी. जुने खात्रीचे वजन हवे असेल तर पूर्वीचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेपूर्वीची भूलतज्ज्ञांची तपासणी किंवा विम्यासाठी झालेली वैद्यकीय तपासणी धुंडाळावी. आठवणीपेक्षा अशा कागदावर मी जास्त विश्वास ठेवीन.

पायांना सूज आहे का, हेही पाहावे. घोट्याच्या वर हाडावर अंगठ्याने काही सेकंद दाबून खळगा राहतो का, हे घरीही कळते. अंगात एक लिटर पाणी साठले की काट्यावर एक किलो वाढतो, आणि तेवढे मांस झडले तरी वजन तेवढेच दिसते. अशा वेळी पोटरीचा घेर उपयोगी पडतो, अर्थात पोटरीवर सूज नसेल तरच. आशियाई पुरुषांत तो ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास स्नायू घटल्याची शंका घेतात. कानशिलाजवळचे खळगे, गळपट्टीचे उठून दिसणारे हाड, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बसलेला भाग, हे अनुभवी डॉक्टर पाहतातच. १९८७ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी मांडलेली पोषण तपासण्याची 'एसजीए' पद्धत केवळ रुग्णाची हकिगत आणि अशी हाताने केलेली तपासणी यांवर उभी आहे, आणि ती आजही वापरली जाते. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावरून मात्र पोषणाचा निकाल लावू नये. ते जंतुसंसर्गात, दाहात आणि यकृत-मूत्रपिंडाच्या आजारांत खाली येते, आणि उलट उपाशी माणसातही बराच काळ चांगले राहू शकते.

शौचाविषयी आपल्याकडे बोलायला लाजतात, पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'जुलाब होतात' एवढे सांगून भागत नाही. प्रमाण जास्त आहे का, रंग फिकट आहे का, वास नेहमीपेक्षा उग्र आहे का, भांड्याला चिकटून राहते का, पाण्यावर तेलाचे थेंब दिसतात का, रात्री झोपेतून उठावे लागते का, हे लिहून न्यावे. आबांच्या बाबतीत शौच तेलकट आणि चिकट होते, आणि कारण निघाले स्वादुपिंडाचे: पाचकरस पुरेसे तयार होत नसल्यामुळे खाल्लेली स्निग्धता तशीच बाहेर जात होती. पूर्वीच्या सोनोग्राफीच्या अहवालात स्वादुपिंड आतड्यातील वायूमुळे नीट दिसले नाही, असे एक वाक्य होते, पण खाली निष्कर्षात 'नॉर्मल' असल्यामुळे ते कोणी वाचले नव्हते. तुमच्याही अहवालात असे वाक्य आहे का, ते आज पाहा. मधुमेह आणि वजनातील घट एकत्र असताना स्वादुपिंड न दिसलेला अहवाल पुरेसा नाही, सीटी स्कॅनची गरज आहे का हे पोटविकारतज्ज्ञांना विचारावे.

स्वादुपिंडाचा पाचकरस पुरेसा तयार होतो का, हे पाहण्यासाठी शौचाच्या नमुन्यातून 'फिकल इलास्टेज' ही चाचणी होते. प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आकडा शंकास्पद मानतात, मात्र नमुना अगदी पाण्यासारखा असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. मी येथे एकच शक्यता सविस्तर लिहिली, ती आमच्या अनुभवामुळे. आतड्याचा क्षयरोग, थायरॉइड, अनियंत्रित साखर, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअॅक आजार, कर्करोग, नैराश्य, इतकेच काय नीट न बसणारी कवळी, यांपैकी काहीही असू शकते. सिलिअॅकची रक्तचाचणी करायची असेल तर त्याआधी चपाती बंद करू नका. गहू सोडल्यावर चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेत असतील तर त्यानेही पातळ शौच होते आणि ब-१२ कमी होऊ शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला, पण गोळी स्वतः बंद करू नका.

आहाराची नोंद करताना 'जेवतात व्यवस्थित' असे लिहू नये. भाकरी किती आणि केवढी, त्यातली ताटात किती उरली, दूध, अंडी, शेंगदाणे, आमटी किती, हे तीन दिवस लिहावे, आणि त्यात एक दिवस एकादशी-संकष्टीचा असावा, कारण अनेक वृद्धांचे उपवास आपल्या मोजणीत येतच नाहीत. आमच्याकडे पहिल्या रुग्णालयाने तेल-तूप पूर्ण बंद करायला सांगितले होते, त्यामुळे आबांच्या पोटात आधीच कमी जाणारे उष्मांक आणखी घटले. अशा रुग्णांत आता स्निग्धता सरसकट तोडण्याऐवजी जेवणासोबत पाचकरसाच्या कॅप्सूल देऊन नेहमीचा आहार पचवण्यावर भर दिला जातो. त्या कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, जेवून तासाभराने घेतल्या तर उपयोग होत नाही.

प्रोटीन पावडरबद्दल माझे मत असे की निदान होण्यापूर्वी तिच्यावर पैसे घालवू नयेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती अडचणीची ठरू शकते, आणि पचत नसेल तर ती शौचावाटेच जाईल. आजारी वृद्धांना साधारणपणे दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुमच्या वडिलांना रोज ६८ ते ८५ ग्रॅम. मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री झाल्यावर यातील किती अन्नातून येते हे आहारतज्ज्ञांकडून मोजून घ्यावे आणि मगच डब्याचा विचार करावा.

एक गोष्ट तातडीची आहे. त्यांनी आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्ले नसेल, तर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. दीर्घ उपासमारीनंतर अचानक जास्त आहार दिल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून अशा वेळी रुग्णालयात तपासण्या करत, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन हळूहळू आहार वाढवतात. काळे शौच, कावीळ, गिळताना अडकणे, सतत उलट्या किंवा ताप यांपैकी काही असेल तर पुढच्या भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

सोनोग्राफीच्या अहवालात स्वादुपिंडाविषयी नेमके काय लिहिले आहे, साखरेचे तीन महिन्यांचे सरासरी प्रमाण किती आहे आणि शौचाचे वर्णन काय, एवढे येथे लिहिलेत तर कोणत्या विभागात दाखवावे याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगेन. अहवालाचा फोटो टाकणार असाल तर त्यावरील नाव आणि फोन नंबर आधी झाका.