टाइमशेअर घेऊ का भाड्याने राहू?

भाऊ, रिटायरमेंटनंतर दोन-दोन महिने फिरायचंय ना, मग पहिले भाड्यानेच राहा. टाइमशेअर म्हणजे आधी पैसे भरून कंपनीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क. त्यात साधारण वर्षाला 7 दिवस मिळतात, करार बऱ्याचदा 25 वर्षांचा आणि मेंटेनन्स दरवर्षी भरायचाच, जा नाहीतर नका जाऊ. आम्ही स्वस्तातला सीझन (म्हणजे कमी गर्दीच्या दिवसांचा हक्क) घेतला अन् मे महिन्यात इथं जळगावला 45 डिग्रीत घामाघूम बसलो, थंड हवेच्या ठिकाणी बुकिंगच मिळेना.

नवीन लोकं दोन जागी चुकतात:
- टाइमशेअर विकणाऱ्यांच्या फुकट जेवणाच्या प्रोग्रामला तिथल्या तिथे करारावर सही. कागद घरी आणा, वहिनींसोबत बसून वाचा.
- भाड्याला दिवसाचा रेट धरतात. महिन्याचा विचारा, लाइट बिल वेगळं का तेही, डिपॉझिटची पावती घ्याच.

एक्सचेंजचं (आपले दिवस देऊन दुसऱ्या रिसॉर्टमध्ये राहायचं) आत्ता डोक्यात घेऊ नका. एक महिना राहून या, मग बोलू.